स्पिरिदोनोवावर लिहिताय ना? मग १९१७ ला थांबू नका

रशियन क्रांतिकारक मारिया स्पिरिदोनोवावर दिवाळी अंकासाठी लेख करताय, तिने केलेल्या गोळीबाराची तारीख कुठे १६ तर कुठे २९ जानेवारी १९०६ सापडते, आणि संपादक म्हणतायत की ‘तुरुंगातून सुटली, तिथेच संपवा’. तुमचं हे वाचून आधी हसू आलं, मग जुना राग वर आला.

तारखांचं पटकन उरकतो. दोन्ही बरोबर आहेत. रशियात १९१८ च्या जानेवारीअखेरपर्यंत जुनी दिनदर्शिका होती; विसाव्या शतकात ती १३ दिवस मागे, एकोणिसाव्यात १२. जन्म १६ की २८ ऑक्टोबर १८८४, हा घोळही तोच. एक पद्धत धरा, तळटीप टाका, विषय संपला. तिचा पक्ष सोशलिस्ट रेव्होल्युशनरी, म्हणजे शेतकऱ्यांवर भर देणारे समाजवादी; लेनिनचे बोल्शेविक नव्हेत, हे तुम्हाला माहीत असणारच.

आता संपादकांचं. माझा लेख एका अंकाच्या कार्यालयाने असाच कापला होता. नाव घेत नाही. ‘वाचकाला स्फूर्ती मिळाली पाहिजे, पुढचं राजकारण कशाला?’ असं फोनवर सांगितलं गेलं. मी नाही म्हटलं, ते ‘बघतो’ म्हणाले. प्रूफ आलंच नाही. छापून आलं तेव्हा १९१७ नंतरचा सगळा मजकूर गायब, आणि शेवटी मी न लिहिलेलं वाक्य माझ्या नावावर: तिच्या स्वप्नातला रशिया उदयाला आला! वर फोटो व्हेरा फिग्नर या दुसऱ्याच रशियन क्रांतिकारक बाईचा, जी हिच्यापेक्षा ३२ वर्षांनी मोठी. खुलासा छापा म्हटलं तर ‘पुढच्या अंकात पाहू’. मानधनाचं तर बोलायलाच नको.

आणि कापलं ते नेमकं काय? १९०६ सगळ्यांनाच आवडतं. एकवीस वर्षांची मुलगी, शाळकरी पोरीच्या वेषात बोरिसोग्लेब्स्क स्टेशनवर उभी, तांबोव प्रांतात शेतकऱ्यांची बंडं चिरडणाऱ्या लुझेनोव्स्की या सरकारी अधिकाऱ्यावर गोळ्या झाडते, मग कोसॅकांची, म्हणजे झारच्या घोडेस्वार सैनिकांची, मारहाण, तुरुंगातून बाहेर गेलेलं पत्र, पेपरात गाजावाजा. फाशी रद्द होऊन सैबेरियात जन्मठेप. (इथे एक सांगतो: पेपरांनी त्या छळाच्या वर्णनात आपल्या पदरचं बरंच घातलं. तिच्या पत्रात आहे तेवढंच लिहा.) त्या उन्हाळ्यात तिच्यासह सहा बायकांना रेल्वेने पूर्वेकडे नेलं, तेव्हा स्टेशनास्टेशनावर गर्दी जमत होती. इथवर कुठलाही संपादक खूश.

पण १९१७ ला सुटल्यावर पुढे? जानेवारी १९१८ मध्ये संविधान सभेच्या अध्यक्षपदासाठी बोल्शेविकांनी हिला पाठिंबा दिला. समोरचा उमेदवार चेर्नोव्ह, त्याला २४४ मतं, हिला १५३. सहा महिन्यांत तेच बोल्शेविक हिला अटक करतात. कारण जुलैत तिच्या पक्षाच्या लोकांनी जर्मन राजदूत मिरबाखला मारलं, बोल्शेविकांनी जर्मनीशी केलेला ब्रेस्टचा तह मोडावा म्हणून, आणि तिने जबाबदारी अंगावर घेतली. ती आधी त्याच तहाच्या बाजूने होती, हेही गाळू नका. मी इतिहासाचा प्राध्यापक नाही, माझं रशियन काम भागण्यापुरतं, तेव्हा हे मत म्हणून घ्या: तिला नुसती बिचारी करणं हाही तिच्यावर अन्यायच. गावागावांतून धान्यवसुलीबद्दल शेतकऱ्यांच्या तक्रारी येत होत्या आणि सोव्हिएतचा शेतकरी विभाग तिच्याकडे होता. ती बोल्शेविकांपासून फुटली ती तिथे. नुसत्या मिरबाखवर लेख उभा केलात तर ते दिसणार नाही.

नंतर क्रेमलिनमध्ये कैद, १९१९ मध्ये पलायन, पुन्हा अटक, मग समरकंद, ताश्कंद, उफा अशी हद्दपारी. उफात नोकरी करत होती. १९३७ मध्ये पुन्हा उचललं, २५ वर्षांची शिक्षा. ११ सप्टेंबर १९४१ रोजी, जर्मन फौजा जवळ येत असताना, ओर्योल तुरुंगातल्या दीडशेच्या वर कैद्यांना मेद्वेदेव जंगलात गोळ्या घातल्या; त्यांत ही, हिचा नवरा मायोरोव्ह आणि अलेक्झांड्रा इझमाइलोविच. ही इझमाइलोविच १९०६ च्या त्या गाडीतल्या सहा जणींपैकीच! झारने दोघींना जिवंत ठेवलं होतं. हे कापून ‘स्वप्नातला रशिया’?

म्हणून माझं ऐका, नाही पटलं तर सोडून द्या. शेवटचा परिच्छेद बदलायचा नाही, ही अट आधी लेखी घ्या, इमेलवर. फोनवरच्या ‘हो हो’ला काही अर्थ नसतो. फोटोची ओळही तुम्हीच लिहून पाठवा.

अजून दोन गोष्टी, आठवलं म्हणून. बोरिसोग्लेब्स्क आज व्होरोनेझ प्रांतात आहे, तेव्हा तांबोवमध्ये होतं; नकाशा पाहून गोंधळू नका. आणि सैबेरियात तिला ठेवलं ते नेरचिन्स्क हा एक तुरुंग नव्हे, खाणी आणि तुरुंगांचा अख्खा मुलूख. ती आधी अकातुईला होती, मग माल्त्सेव्हला. मराठी धागा हवाच असा आग्रह झाला तर सेनापती बापट पॅरिसमध्ये रशियन क्रांतिकारकांकडून बॉम्बची विद्या शिकले, एवढं एका ओळीत सांगा. तिच्याशी त्याचा संबंध जोडू नका.

१९३७ च्या नोव्हेंबरात तिने कोठडीतून लिहिलेलं लांबलचक पत्र मात्र वाचाच. वारंवारच्या अंगझडत्यांबद्दल ती काय लिहिते ते बघा. भाषांतरात कुठे अडलात तर व्यक्तिगत निरोप करा, जमेल तसं उत्तर देईन.