पन्नाशीत नाव बदलताना

अगं, सोमवारी एकदम साडी नेसून ऑफिसात हजर व्हायचा बेत आधी बाजूला ठेव. मीही तुझ्यासारखीच ट्रान्स बाई. 49व्या वर्षी नाव बदलून ऑफिसात बाई म्हणून वावरायला लागले, तेव्हा आधी साहेबांना गाठलं, मग एचआरला, आणि शेजारच्या टेबलांवर स्वतः जाऊन सांगितलं. चहाच्या टपरीवरून बातमी पोचण्यापेक्षा ते बरं.

कागदांचं मात्र मनावर घे. जिल्हाधिकाऱ्यांचं ओळखप्रमाणपत्र, राजपत्र, आधार, पॅन, बँक. पीएफ विसरू नकोस! माझं पॅनवर नवं नाव आणि पीएफला जुनंच राहिलं. पैसे काढायचा अर्ज दोनदा परत आला. इतक्या वर्षांची पुंजी अडकली की घाम फुटतो गं. नॉमिनीचे फॉर्मही बघून घे.

बाथरूमचा विषय पहिल्याच बैठकीत काढ, लेखी घे. 2019च्या ट्रान्सजेंडर हक्क कायद्याने नोकरीत भेदभावाला मनाई आहे, तक्रार अधिकारी नेमायलाही सांगितलंय. आमच्याकडे तो मी विचारल्यावर नेमला.

जुनी माणसं ‘सर’ म्हणणारच. आमचा शिपाई सहा महिने ‘सरमॅडम’ असं एका दमात म्हणायचा. चुकून म्हणणारा आणि मुद्दाम म्हणणारा आवाजावरून कळतो. पहिल्याला सोडून दे. दुसऱ्याची तारीख-वेळ वहीत टिपून ठेव.