खिरापत झाकून का ठेवायची?

बुसान, ९ ऑक्टोबर २०२५

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

सोमवारी कोजागिरीच्या रात्री फोनवर तू विचारलंस, "आई, खिरापत झाकून का ठेवायची? आधीच दाखवली तर काय होतं?" मी घाईघाईत "अगं, गंमत म्हणून" असं म्हणाले आणि फोन ठेवल्यावर मला चुटपुट लागून राहिली. बिल्डिंगखाली भुलाबाईची गाणी झाली, मग सगळ्यांनी चिप्सची नि बिस्किटांची पाकिटं वाटली, ओळखायला काही उरलंच नाही, हे सांगताना तुझा आवाज उतरला होता. आणि शेवटी हळूच तू विचारलंस, "तुझी खिरापत तिथे कोण ओळखतं?"

आज इथे सुट्टी आहे. कोरियन लिपीचा, म्हणजे हंगुलचा दिवस. राजा सेजोंगने १४४६ मध्ये ही लिपी लोकांच्या हाती दिली, त्याची आठवण म्हणून सगळा देश सुट्टी घेतो. अक्षरांच्या सणाला तुला पत्र लिहावं, असं सकाळपासून मनात होतं.

तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकमेकांत अडकलेली आहेत. आधी दर्यापूरचं सांगते.

आमच्या वाड्यात भुलाबाई भाद्रपद पौर्णिमेला बसायची आणि कोजागिरीला उठायची. पार्वती महिनाभर माहेरी येते, तिची ही गाणी. पाटावर मातीचे भुलाबाई-भुलोजी, मांडीवर छोटा गणपती, वर ज्वारीच्या धांड्यांचा मखर. दिवेलागणीला आम्ही पोरी टिपऱ्या घेऊन निघायचो, एका घरची गाणी झाली की दुसऱ्या घरी. गाणी संपली की त्या घरची मुलगी आतून डबा घेऊन यायची, दोन्ही हातांनी झाकण दाबून धरलेलं. मग सुरू. गोड की तिखट? ओलं की कोरडं? वाजतं का, वाजवून दाखव! ती डबा कानाशी धरून हलवायची आणि आम्ही सगळ्या श्वास रोखून ऐकायचो. लाडू गडगडतात, शेव खसखसते, शिरा अजिबात वाजत नाही. आवाजावरून ओळखणाऱ्या पोरी होत्या आमच्यात, पक्क्या.

एका मुलीच्या घरची परिस्थिती बेताची होती. तिच्या घरी गाणी होती त्या दिवशी ती डबा घेऊन आली आणि आम्ही सुटलो. बर्फी, करंजी, चकली, अनारसे, साटोऱ्या. एकेक नाव पडत होतं आणि ती मान हलवून "नाही" म्हणत होती, दर "नाही"ला थोडी आणखी ताठ उभी राहत होती. पंचवीस-तीस पदार्थ झाले. शेवटी आम्ही "हरलो" म्हटलं. तिने झाकण काढलं तर आत भिजवलेली हरभऱ्याची डाळ, वर मीठ आणि लिंबू. सगळ्या ओरडलो! दुसऱ्या दिवशीही वाड्यात तिचंच नाव होतं, सगळ्यांना हरवणारी म्हणून. झाकण असेपर्यंत बर्फी आणि डाळ सारखीच असते, चिऊ. झाकण उघडून डबा फिरवला असता तर तिच्या घरची डाळ आम्ही गुपचूप खाल्ली असती आणि ती मान खाली घालून उभी राहिली असती. बायकांनी हा खेळ कधी कोणी शिकवला म्हणून नाही केला, पण ज्यांनी केला त्या फार शहाण्या होत्या, असं मला मनापासून वाटतं.

आणखी एक गोष्ट आहे, ती मला इथे येऊन कळली. गेल्या वर्षी मी भाड्याच्या खोलीत एकटी राहायचे. कोजागिरीला शिरा केला, डब्यात भरला, झाकण लावलं आणि पलंगावर डबा मांडीवर घेऊन बसले. आत काय आहे ते मला माहीत होतं! एकटीने केलेल्या खिरापतीत ओळखायला काही नसतं. त्या रात्री तुला मी फोनवर हे सांगितलं नव्हतं.

या वर्षी मार्चपासून मी या कुटुंबात राहते, ते तुला ठाऊकच आहे. हल्मोनी, म्हणजे आजी, तिचा मुलगा, सून, जिला मी ओन्नी म्हणते, मोठी ताई, आणि तुझ्याहून वर्षभराने मोठी नात. ती मला इमो म्हणते. इमो म्हणजे मावशी.

आणि या वर्षी एक योग जुळून आला. कोरियन लोकांचा सगळ्यांत मोठा सण छुसॉक, त्यांच्या चांद्र वर्षाच्या आठव्या महिन्यातल्या पौर्णिमेला. गेल्या वर्षी तो १७ सप्टेंबरला आला, अनंत चतुर्दशीच्या दिवशी. या वर्षी त्यांच्या पंचांगात अधिक महिना पडला, आपल्याकडे तो पुढच्या वर्षी ज्येष्ठात आहे. म्हणून त्यांचा सण महिनाभर पुढे सरकला आणि बरोबर आपल्या कोजागिरीवर येऊन बसला. ६ ऑक्टोबर. तिकडे तुझी भुलाबाई उठायची तीच रात्र.

आदल्या दिवशी घरात सोंगप्यॉन करायला सगळे बसले. मी पारी पाहिली आणि गप्पच झाले. तांदळाच्या पिठावर कढत पाणी घालून मळतात, आपल्या उकडीसारखी चटका सोसत. लिंबाएवढा गोळा, त्यात अंगठ्याने खळगा, खळग्यात सारण, कडा चिमटून बंद. करंजीचाच आकार. एका परातीतलं पीठ पांढरं, एकातलं कसल्याशा रानपाल्याने हिरवं. मग पाइनच्या सुयांसारख्या पानांचा थर देऊन त्यावर उकडायचं. 'सोंग' म्हणजे तेच झाड. वाफ सुटली तेव्हा घरभर ओल्या जंगलाचा वास पसरला. बाहेर काढून गार पाण्यातून काढतात आणि वर तिळाच्या तेलाचा हात फिरवतात.

माझी बोटं करंजीला सरावलेली, मी सवयीने कडेला मुरड घातली. हल्मोनीने ती एक उचलली, चष्मा वर करून बराच वेळ पाहिली आणि ओन्नीला म्हणाली, हिला मुली सुंदर होणार. इथे तशी म्हणच आहे, देखणं सोंगप्यॉन करणारीला देखणी लेक होते. मी फोनमधला तुझा फोटो दाखवला. "झालीच आहे," हल्मोनी म्हणाली.

तर या सोंगप्यॉनमध्ये सारण तीन-चार तऱ्हेचं. भाजलेले तीळ आणि साखर, चेस्टनट, मूग, घेवड्यासारखे दाणे. बाहेरून सगळी एकसारखी. नात ताटाशी बसली, एकेक उचलून उजेडाकडे धरत होती, हलकेच दाबून बघत होती. तिला तिळाचं हवं होतं. चावलं, आत दाणे निघाले आणि तिचं तोंड एवढंसं झालं. सगळे हसले. त्या क्षणी मी ओन्नीला म्हटलं, उद्या रात्री मी तुम्हाला आमचा एक खेळ दाखवते.

सणाच्या सकाळी घरात पितरांसाठी पान मांडलं होतं. नासपती, पर्सिमन, खजुरासारखी बोरं, सोंगप्यॉन, भात. सगळ्यांनी गुडघे टेकून दोनदा नमस्कार केला, पितर जेवतील म्हणून थोडा वेळ शांत थांबले आणि मग तेच अन्न प्रसादासारखं वाटून घेतलं. मी बाजूला उभी होते. मला आपल्या पितृपक्षातलं आबांचं पान आठवलं. हल्मोनीने नंतर सांगितलं, तिच्या गावी पर्सिमनच्या झाडावरची सगळी फळं कधी उतरवत नाहीत, शेंड्याची दोन-चार 'काची'साठी ठेवतात. काची हा काळा-पांढरा पक्षी, कावळ्याच्याच कुळातला. त्या फळांना नावच आहे 'काचीबाप', म्हणजे काचीचं जेवण.

संध्याकाळी मी बाजारातल्या तांदळाच्या लाह्या घेतल्या, शेंगदाणे तळले, हळद, हिंग, मोहरीची फोडणी दिली, चवीला साखर. स्टीलचा किमचीचा डबा स्वच्छ करून त्यात भरला. तू काढून पाठवलेलं भुलाबाईचं चित्र बैठकीच्या भिंतीला लावलं. मखराचा फोटो दाखवला तर हल्मोनी एकदम म्हणाली, "सुसू!" सुसू म्हणजे ज्वारी. इथे लहान मुलांच्या वाढदिवसाला, दहा वर्षांची होईपर्यंत, ज्वारीच्या पिठाचे गोळे लाल चवळीसारख्या डाळीत घोळवून करतात, दृष्ट लागू नये म्हणून. ज्वारी ओळखणारी आजी मिळाल्यावर मला एकदम घरी आल्यासारखं झालं.

दोन गाणी मी म्हटली. शब्द त्यांना कळत नव्हते, टाळी कळत होती. मग डबा आणला.

"गोड?" थोडं. "तिखट?" थोडं. "भात?" जवळ आलात! ओन्नीचा नवरा, जो एरवी घरात चार शब्द बोलतो, तो गुडघ्यांवर सरकत पुढे आला. हल्मोनीने डबा मागून घेतला, कानाशी नेला, डोळे मिटून हलवला. अगदी दर्यापूरच्या पोरींसारखा. "कोंग," ती म्हणाली. म्हणजे दाणे, कडधान्य. कसलं कोंग, मी विचारलं. नात ओरडली, "तांगकोंग!" आणि चिऊ, तांगकोंग म्हणजे काय माहीत आहे? 'तांग' म्हणजे जमीन. जमिनीतलं कडधान्य. भुईमूग! आपणही अगदी तसंच म्हणतो ना?

म्हणजे तुझ्या प्रश्नाचं उत्तर: माझी खिरापत या वर्षी एका आजीने कानाने ओळखली.

नंतर आम्ही खाली सोसायटीच्या अंगणात गेलो. आटवलेलं दूध केशर, वेलची, जायफळ घालून थर्मासमध्ये नेलं होतं. ढग होते, चंद्राचा नुसता उजेड त्यांच्याआड हलत होता. तरी हल्मोनीने तिकडे हात जोडून काहीतरी मागितलं, इथे या चंद्राकडे मागणं मागतात. तिचं माहेर हेनामचं, दक्षिणेच्या किनाऱ्यावरचं. तिकडच्या बायका छुसॉकच्या रात्री हात धरून गोल फेर धरतात, एक गाते आणि बाकीच्या 'कांगकांगसुल्ले' म्हणून ध्रुवपद उचलतात. आधी अगदी संथ, मग वेग वाढत जातो. जुनी गोष्ट अशी सांगतात की चारशेहून जास्त वर्षांपूर्वी जपानी सैन्य चालून आलं तेव्हा सेनापती यी सुन-शिनने बायकांना डोंगरावर शेकोटीभोवती असा फेर धरायला लावला आणि शत्रूला वाटलं केवढी मोठी फौज आहे. २००९ मध्ये युनेस्कोने या फेराला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. आमचा फेर चौघींचा. हल्मोनीचा गुडघा दुखतो, तरी तिने तीन फेऱ्या घेतल्या. तिचा हात कोरडा आणि गरम होता, माझ्या आजीचा होता तसा.

दमून बाकावर बसलो तेव्हा तिने मला 'बानबोगी'चं सांगितलं. पूर्वी सासुरवाशिणीला माहेरी जाऊन राहायला सवड मिळायची नाही. मग छुसॉकनंतर एक दिवस ठरवायचा. आई आपल्या गावाहून निघणार, लेक आपल्या गावाहून, आणि दोघी वाटेत मध्यावर भेटणार, एखाद्या झाडाखाली नाहीतर ओढ्याकाठी. दोघींकडे डबे. दिवसभर खायचं, बोलायचं, आणि सूर्य कलला की आपापल्या वाटेने परत. बानबोगी म्हणजे अर्धं पाहणं, अर्धी भेट. हल्मोनीची आजी अशी जायची म्हणे. हे ऐकताना मला भुलाबाई दिसत होती, महिना संपून सासरी निघालेली. आणि तू दिसत होतीस. तुला कोजागिरीला थोरली लेक म्हणून आजीने ओवाळलं, मी फोनच्या पडद्यात निरांजनाची ज्योत पाहिली, आणि इथे माझे डोळे भरून आले. हे तुला सांगायला हवं होतं, तेव्हा सांगितलं नाही.

आता ऐक. या पत्रामागोमाग एक डबा येईल. पार्सलच्या कागदावर आत काय आहे ते लिहावंच लागतं, तो कागद तुझ्या नजरेला पडायच्या आत बाबा काढून ठेवतील, त्यांनी कबूल केलंय. झाकणाला हल्मोनीने स्वतः चिकटपट्टी लावली आहे. पाकिटं वाटणाऱ्या त्या मैत्रिणींनाच बोलाव, सगळ्यांना. संध्याकाळी पाच वाजता मला फोन लाव, इथे साडेआठ झालेले असतील, आम्ही सगळे जेवून बसलेले असू. मग कानाशी धरून हलव. फार वाजणार नाही. गोड आहे, कोरडं आहे, दाताने खायचं आहे, आणि ते आपल्याही घरी होतं, पण वेगळ्या सणाला. प्रत्येकीला पाळी द्यायची. नात इथून कोरियनमध्ये 'नाही' म्हणणार आहे, तिचा तो शब्द 'आनीयो', आधीच पाठ करून ठेव.

तोवर उघडायचा नाही हं.

तुझी,
आई