रेटिनॉल नको, पेप्टाइडचं आय क्रीम हवंय? मग एवढंच बघा

रेटिनॉल म्हणजे व्हिटॅमिन ए चं एक रूप आणि पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांच्या छोट्या साखळ्या; दोन्ही सुरकुत्यांसाठीच्या क्रीममध्ये घालतात. आधी डबी उलटी करून घटकांची यादी वाचा. पुढे ठळक अक्षरांत 'रेटिनॉल-फ्री' असलं तरी मागे रेटिनाइल पाल्मिटेट किंवा रेटिनाल सापडू शकतं. तीही त्याच कुळातली. पेप्टाइडचं नाव स्पष्ट हवं, जसं पाल्मिटॉइल ट्रायपेप्टाइड-१ किंवा असिटाइल हेक्सापेप्टाइड-८. ते यादीत खाली दिसलं म्हणून घाबरू नका, पेप्टाइड अगदी कमी प्रमाणातच वापरतात. सोबत ओलावा धरून ठेवणारं ग्लिसरीन किंवा हायल्युरॉनिक अॅसिड असेल तर उत्तम. सुगंध असलेलं मात्र सरळ बाजूला ठेवा.

सुरुवातीच्या चुका:
- पापणीच्या केसांना खेटून लावणं. मीही लावायचे, क्रीम रात्री डोळ्यांत उतरायचं आणि सकाळी डोळे चुरचुरायचे. डोळ्याखालच्या हाडावरच, अनामिकेनं हलकेच टिपून लावा.
- जास्त घेणं. दोन्ही डोळ्यांना मिळून मुगाएवढं पुरतं.
- पंधरा दिवसांत कंटाळून क्रीम बदलणं. निदान ८ ते १२ आठवडे द्या.

बारीक रेषा थोड्या मऊ होतील. खोल सुरकुत्या किंवा खोलगटपणामुळे पडणारी सावली क्रीमनं जात नाही. आणि दिवसा सनस्क्रीन लावत नसाल, तर आधी तेच घ्या, क्रीम नंतर.