उजवा पाय अजून ब्रेक शोधतो

“मॅडम, मला साधं खरचटलंही नाही. मग गाडीत बसलं की हातपाय का कापतात? डोक्यावर परिणाम झालाय का माझ्या?”

सुनंदाताई (नाव आणि काही तपशील बदललेत) माझ्याकडे आल्या, तेव्हा आइसलँडमधल्या अपघाताला अडीच आठवडे झाले होते. तिकडे गावाबाहेर डांबरी रस्ता एकाएकी संपतो आणि खडी लागते. वेगमर्यादा डांबरावर ताशी ९० किलोमीटर, खडीवर ८०. नवख्याला तीही जास्तच. गाडी त्यांचे यजमान चालवत होते. चाकं घसरली, गाडी रस्त्याखाली जाऊन कलंडली. ११२ ला फोन, दवाखाना, तपासण्या, सगळं नीट पार पडलं. नाशिकला परतल्यावर भेटायला येणाऱ्यांची रीघ, आणि प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून ऐकायचं. हे मला अजिबात पटत नाही. ज्याला बोलावंसं वाटतं त्याचं जरूर ऐकावं, पण खोदून खोदून विचारू नये.

बोलताना त्यांचा उजवा पाय सतरंजीवर सारखा दाबला जात होता. तिकडे स्टिअरिंग डावीकडे. बाई उजवीकडे, म्हणजे नाशकात स्वतः गाडी चालवताना बसतात त्या बाजूला. त्या क्षणी पायाने ब्रेक शोधला, तो तिथे नव्हताच.

मी सांगितलं, हे वेड नाही. झोपमोड, दचकणं, तेच दृश्य डोळ्यांपुढे येणं हे सुरुवातीचे काही आठवडे अनेकांना होतं आणि बहुतेकांचं हळूहळू ओसरतं. महिना उलटूनही तसंच राहिलं, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे जायचं. त्यावर चांगले उपचार आहेत. मात्र गाडी टाळायची नाही. टाळलं की आज बरं वाटतं आणि उद्याची भीती वाढते.

खरी गाठ तिसऱ्या भेटीत सुटली. “मीच म्हटलं होतं, अहो, जरा दामटा, मुक्कामाला उशीर होतोय.” आणि त्या रडल्या. यजमान बाहेरच बसले होते. त्यांना आत बोलावलं. ते म्हणाले, “तू बोलत नव्हतीस. मला वाटलं, माझ्यावर रागावलीयस.”

मग बेत ठरला. आधी बंद गाडीत दहा मिनिटं बसायचं, मग सोसायटीला एक फेरी, मग मोठा रस्ता. खडी सगळ्यात शेवटी.

परवा ताईंनी फोन केला. खडी करकरली तसा पाय दाबला गेलाच. यजमानांनी गाडी थांबवली, विचारलं, “परत फिरू या?”

“थांबा जरा... हं, चला आता. हळू.”