संग्राहकांचे प्रश्न: नाणं आधी काट्यावर ठेवा

या खेपेला आलेल्या पत्रांत ऑनलाइन लिलावांचीच पत्रं जास्त आहेत. बहुतेकांनी दोन फोटो जोडून ‘अस्सल आहे का?’ एवढंच विचारलंय. नाणं अस्सल आहे असं मी फोटोवरून कधीच सांगत नाही. बनावट आहे, हे मात्र पुष्कळदा सांगता येतं. यापुढे फोटोबरोबर वजन, व्यास आणि कडेचा फोटो पाठवा. एवढं असलं की निम्म्या पत्रांना माझ्या उत्तराची गरजच उरणार नाही.

प्रश्न: लिलावात १८९३ चा मॉर्गन डॉलर हे अमेरिकेचं जुनं चांदीचं नाणं घेतलं. मागे ‘एस’ ही टांकसाळीची खूण आहे. पुढच्या बाजूच्या स्त्रीच्या केसांची बट न् बट स्पष्ट दिसते, पण वजन २२ ग्रॅमच भरलं. विक्रेता म्हणतो, वापरात झिजलंय. पटत नाही, पण खात्री कशी करू?

पटू नये असंच आहे ते. अमेरिकेचा मॉर्गन डॉलर टांकसाळीतून बाहेर पडायचा तो २६.७३ ग्रॅमचा, ३८.१ मिलिमीटर व्यासाचा. चांदी ९० टक्के, बाकी तांबं. साडेचार ग्रॅमहून जास्त धातू घासून जायचा तर आधी उंच भाग जातो: गाल, कानावरचे केस, गरुडाची छाती. तुमच्या नाण्यावर हे सगळं शाबूत आहे. मग झिजलं काय?

खात्रीसाठी पाणी पुरे. ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा घ्या. त्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्यावर आणा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा. तळाला किंवा बाजूला टेकू देऊ नका. आता काट्यावर जो आकडा दिसेल, त्यानं नाण्याच्या कोरड्या वजनाला भागा. ९० टक्के चांदी असेल तर उत्तर १०.३ च्या आसपास येतं. तुमच्या २२ ग्रॅमना भागून साडेआठच्या जवळ काही आलं, तर हातात चांदीचा मुलामा दिलेलं पितळ किंवा त्याचा एखादा भाऊबंद आहे.

नकली माल काढणारे वजनही जुळवतात. पण पितळ हलकं, त्यामुळे व्यास तोच ठेवून २६.७३ ग्रॅम गाठायचे तर नाणं सुमारे पाचव्या हिश्श्यानं जाड करावं लागतं. म्हणूनच मी कडेच्या फोटोचा एवढा आग्रह धरते. जो विक्रेता कडेचा फोटो द्यायला टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घ्यायचं नाही. या नियमाला माझ्याकडे अपवाद नाही.

चुंबकावर मात्र विसंबू नका. चिकटलं तर नाणं खोटं, हे या डॉलरपुरतं खरं. न चिकटल्यानं काहीच सिद्ध होत नाही. पितळही चिकटत नाही.

आणि तुम्ही निवडलंत तेही नेमकं १८९३ ‘एस’! सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीनं त्या वर्षी जेमतेम १,००,००० डॉलर पाडले. इतक्या दुर्मिळ नाण्याच्या मागे नकलांची रांग असणारच. काही पूर्ण बनावट असतात. काही नाणी स्वतः खरी असतात आणि त्यांच्यावर ‘एस’ मागाहून चिकटवलेला असतो, किंवा साल कोरून बदललेलं असतं. वजन, धातू, आवाज सगळं बरोबर येतं, म्हणून हा प्रकार जास्त घातक. इथे उपयोगी पडते ती एकच गोष्ट: १८९३ ‘एस’च्या सगळ्या अस्सल डॉलरांची छाप्याची म्हणजे चेहऱ्याची बाजू एकाच ठशातून निघाली. त्यामुळे सालाचे आकडे प्रत्येक नाण्यावर अगदी त्याच जागी असतात, आणि ‘लिबर्टी’ शब्दातल्या ‘टी’च्या माथ्यावर एक बारीक तिरपी उठावाची रेघ असते. फार झिजलेलं नाणं सोडलं, तर ती रेघ भिंगातून दिसायला हवी.

प्रश्न: प्राचीन ग्रीक नाण्यावर जुनेपणाचा सुंदर काळपट थर आहे. असा थर बनावट नाण्यावर येतो का?

येतो, आणणारा असला की. कार्ल विल्हेल्म बेकर (१७७२-१८३०) नावाचा जर्मन गृहस्थ स्वतः ठसे कोरून प्राचीन नाण्यांच्या उत्तम नकला पाडायचा. नव्या नाण्यांची चकाकी मोडायला तो ती लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत घालून गाडीच्या आसाला बांधायचा आणि फेरफटका मारून यायचा, असं त्याच्याबद्दल सांगतात. आज तेच काम रसायनं करतात. थराकडे पाहून भाव ठरवणाऱ्यांना मी काय म्हणणार?

त्यापेक्षा दुसरं एक करा. हातानं ठोकलेली दोन प्राचीन नाणी सर्वस्वी सारखी नसतात. ठसा तोच असला तरी चकतीचा आकार, कडेची चीर, चित्र कुठल्या बाजूला सरकलंय, हे प्रत्येकाचं वेगळं. तुमच्या नाण्याचा फोटो प्रतिमाशोधात टाका, जुन्या लिलावांच्या नोंदी चाळा. तीच चीर, तोच खड्डा, तेच सरकलेलं चित्र दुसऱ्या नाण्यावर दिसलं, तर निदान एक तरी साच्यात ओतलेलं आहे, बहुधा दोन्ही. ओतीव नाण्यावर भिंगाखाली बारीक छिद्रं, साबण विरघळल्यासारखी गुळगुळीत अक्षरं आणि कधी कडेभोवती जोडाची रेघ दिसते. रेघ घासलेली असली तर घासल्याच्या खुणा दिसतात.

प्रश्न: सोनाराकडे तपासलं, सॉव्हरिन या ब्रिटिश नाण्यातलं सोनं खरं निघालं. आता तरी निश्चिंत होऊ ना?

सोन्याबद्दल व्हा. नाण्याबद्दल नको. सॉव्हरिन २२ कॅरटचा, ७.९८ ग्रॅमचा, २२.०५ मिलिमीटरचा. गेल्या शतकाच्या मध्यात बैरूतकडे खऱ्या सोन्याचे बनावट सॉव्हरिन भरपूर पडले आणि ते अजून लिलावांत फिरतात. सोन्याच्या भावानं घेतलं असेल तर नुकसान थोडं. दुर्मिळ साल म्हणून चढ्या बोलीनं घेतलं असेल, तर अक्षरांची धार आणि कडेचे दाते जाणकाराला दाखवा.

प्रश्न: प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीतलं नाणं आहे. प्रमाणपत्राचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर सापडतो, साल आणि दर्जाही जुळतो. तरी एक मित्र म्हणतो, खोटं.

मित्र बरोबर असू शकतो. पीसीजीएस आणि एनजीसी या नाणी तपासून डबीत सीलबंद करणाऱ्या दोन्ही मोठ्या कंपन्यांच्या डब्यांच्याही नकला होतात, आणि क्रमांक एखाद्या खऱ्या नाण्याचा उचललेला असतो. त्यामुळे क्रमांक सापडणारच! त्या क्रमांकापुढे फोटो असेल तर तो उघडा आणि ओरखडे जुळवा. गालावरचा एक व्रण, कडेजवळचा एक डाग जुळला तरी पुष्कळ. मग तोच क्रमांक इतर लिस्टिंगमध्ये शोधा. एकाच क्रमांकाची दोन नाणी एकदम विकायला असतील तर वाद संपला.

प्रश्न: एका विक्रेत्याची तक्रार ‘हा लबाड आहे’ असं लिहून संकेतस्थळाकडे अनेकदा केली. काहीच झालं नाही. तक्रारीचा उपयोग असतो का?

असतो, पण तुमची तक्रार वाचणारा माणूस नाणी जमवत नाही हे लक्षात घ्या. त्याला मॉर्गन आणि बिल्ला यांतला फरक कळेलच असं नाही. ‘लबाड आहे’ यावर तो काय करणार? त्याला आकडा द्या. उदाहरणार्थ: ‘लिस्टिंगमधल्या तिसऱ्या फोटोत काट्यावर २२.१ ग्रॅम दिसतात. या नाण्याचं अधिकृत वजन २६.७३ ग्रॅम आहे. नाणं अस्सल म्हणून विकलं जात आहे. नकली वस्तूंविषयीच्या आपल्या नियमाखाली तक्रार.’ चार वाक्यं, भावना शून्य. नाण्याच्या प्रमाणित वजनाचा दुवा जोडा. तेच दुर्मिळ नाणं तो पुन्हा पुन्हा विकत असेल तर प्रत्येक लिस्टिंगचा क्रमांक लिहा. फोटो दुसऱ्या लिलावातून उचललेला असेल तर मूळ पान दाखवा. ही तक्रार तर नाण्यातलं काही न कळणाऱ्यालाही समजते.

तक्रारीआधी पानाचे स्क्रीनशॉट घ्या, विक्रेत्याचं नाव, तारीख, वर्णन दिसेल असे. विक्रेत्याला आधी प्रश्न विचारलात तर पान दुसऱ्या मिनिटाला गायब होऊ शकतं.

वर्णन शेवटपर्यंत वाचा. ‘आजोबांच्या पेटीत सापडलं, मला यातलं कळत नाही’ असं लिहिणाऱ्याकडे आणखी अशाच वीस पेट्या निघतात. आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात, ‘प्रतिकृती’ असा शब्द असतो. तो शब्द आहे म्हणून विक्री रीतसर ठरते असं नाही. अमेरिकेत १९७३ च्या कायद्यानं नकली नाण्यावरच ‘कॉपी’ हा शब्द उमटवलेला असावा लागतो, आणि ईबेसारखं संकेतस्थळ नाण्यांच्या प्रतिकृती विकूच देत नाही. तेव्हा ‘मी लिहिलं होतं की’ या बचावाला घाबरून तक्रार मागे घेऊ नका.

सार्वजनिक ठिकाणी विक्रेत्याला चोर म्हणू नका. तोही फसलेला असू शकतो. आकडे मांडा, विशेषणं राहू द्या.

प्रश्न: विक्रेता म्हणतो, ‘तक्रार मागे घ्या, नाणं परत पाठवा, पैसे थेट खात्यात टाकतो.’ ऐकू का?

अजिबात नाही. तक्रार एकदा मागे घेतली की बऱ्याच ठिकाणी ती पुन्हा उघडता येत नाही. शिवाय व्यवहार संकेतस्थळाबाहेर गेला की त्यांचं संरक्षण संपतं. ‘वर्णनाप्रमाणे वस्तू नाही’ या कारणाखाली मुदतीच्या आत दावा लावा. नाणं काट्यावर ठेवून, आकडा दिसेल असा फोटो काढा; दोन्ही बाजू, कड, पाकीट, पत्त्याची चिठ्ठी यांचेही. नाणं घासू किंवा धुऊ नका. परत पाठवायचं ते संकेतस्थळानं सांगितल्यावर, पोचपावती मिळेल अशाच सेवेनं. तिथे दाद लागली नाही तर कार्ड देणाऱ्या बँकेकडे हरकत नोंदवा. रक्कम मोठी असेल किंवा त्याच माणसाकडून फसलेले आणखी लोक सापडले, तर सायबर पोलिसांकडे सगळ्यांची कागदपत्रं एकत्र द्या.

प्रश्न: पैसे परत मिळाले, नाणं विक्रेत्यानं मागितलंच नाही. टाकून देऊ की ठेवू?

सध्या चलनात असलेल्या नाण्याची नक्कल असेल तर घरात ठेवू नका, पोलिसांकडे द्या. जुन्या नाण्याची असेल तर जरूर ठेवा, खऱ्याशेजारी धरून डोळा तयार होतो. मात्र संग्रहाच्या अल्बममध्ये नको. वेगळ्या पाकिटात घाला आणि पाकिटावर ‘बनावट’ असं मोठ्या अक्षरात, खाली वजन आणि ते कुठून आलं हे लिहा. ‘नमुना’, ‘संशयित’ असले मऊ शब्द नकोत; तुमच्या मागे ती पेटी उघडणाऱ्याला नाण्यांतलं काही कळत असेल असं धरून चालू नका.