स्ट्रिंग थिअरीतल्या (सगळे कण म्हणजे अतिसूक्ष्म तारांची कंपनं, असं मांडणाऱ्या सिद्धांतातल्या) जादा मिती आहेत कुठे? त्या प्रयोगात कधी सापडतील, की हे सगळं फळ्यावरचंच गणित?

'फळ्यावरचं गणित' या शब्दांसाठी उत्तर लिहितेय. २००७ च्या मार्चमध्ये एम.एस्सी.च्या सेमिनारला हेच शब्द मी भर वर्गात ऐकले आहेत.

विषय मीच घेतला होता. १९९८ मध्ये अर्कानी-हामेद, दिमोपूलोस आणि द्वाली या भौतिकशास्त्रज्ञांनी मांडलं होतं की जादा मितींचा आकार अगदी मिलिमीटरच्या आसपासही असू शकतो. प्रकाश, इलेक्ट्रॉन, आपण सगळे तीन मितींत अडकलेले. एकटं गुरुत्वाकर्षण तिकडे झिरपतं, म्हणून ते इतकं दुबळं. अशा दोन मिती असतील तर त्यांच्या आकाराहून जवळ गेल्यावर अंतर निम्मं केलं की ओढ चौपटीऐवजी सोळापट व्हायला हवी. आणि तोवर मिलिमीटरच्या खाली हे कोणी नीट मोजलेलंच नव्हतं!

सिअ‍ॅटलला, वॉशिंग्टन विद्यापीठात हे टॉर्शन बॅलन्सने, म्हणजे टांगलेल्या तारेला बसणाऱ्या पिळावरून ओढ मोजणाऱ्या तराजूने मोजतात, असं मी सांगितलं. सर म्हणाले, "हे सगळं फळ्यावरचं गणित. टांगलेल्या चकतीने विश्वाच्या मिती मोजणार? तो बी.एस्सी.चा प्रयोग आहे." वर्ग हसला. मी खाली बसले.

हो, तोच प्रयोग. पंखा बंद करायचा, चकतीला हलका पीळ देऊन सोडायची, घाम पुसत वीस आंदोलनं मोजायची. शेजारून कोणी गेलं तरी रीडिंग बिघडायचं. सिअ‍ॅटलला तार टंगस्टनची, साधारण २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीची. तिला मॉलिब्डेनमची कडी, कडीला ४२ भोकं. खाली भोकं पाडलेली दुसरी तबकडी सावकाश फिरते. मध्ये सोन्याचा मुलामा दिलेला, १० मायक्रॉनचा ताणून बसवलेला पडदा, कारण विजेची ओढ गुरुत्वाकर्षणाला सहज गिळून टाकते. खालची भोकं सरकली की कडीला किंचित पीळ बसतो, तो आरशावरून परतलेल्या प्रकाशाने टिपतात. त्याच जानेवारीत निकाल छापून आला होता: ५६ मायक्रॉनपर्यंत न्यूटनचा चौपटीचा नियम बरोबर, जादा मिती असलीच तर ४४ मायक्रॉनच्या आत. २०२० मध्ये ही मर्यादा ३० वर आली.

मिती कुठे, याचं उत्तर पुस्तकात मिळेल. थिअरीचं गणित जुळायला अवकाश आणि काळ मिळून १० मिती लागतात, त्यातल्या ६ इतक्या बारीक गुंडाळलेल्या की दिसत नाहीत. गुंडाळण्याची कल्पना भौतिकशास्त्रज्ञ ऑस्कर क्लाइनची, १९२६ ची.

एक मात्र खरं. त्या मिती प्लँकच्या लांबीएवढ्या, म्हणजे मीटरमध्ये १० चा उणे ३५ वा घात इतक्या लहान असतील, तर ना हा तराजू पोचेल ना जिनिव्हाचा, कणांची टक्कर घडवणारा २७ किलोमीटरचा कोलायडर. आणि उद्या एखादी मिती सापडली तरी तेवढ्याने स्ट्रिंग थिअरी सिद्ध होत नाही. सरांच्या शंकेत तेवढं तथ्य होतं. 'बी.एस्सी.चा प्रयोग' म्हणून उडवून लावण्यात काडीचं नव्हतं.

तुम्ही टी.वाय.ला आहात असं लिहिलंय. थिअरीकडे जायचं असेल तर जा, पण लॅबचे तास बुडवू नका. सेमिनारला हाच विषय घ्या, आणि कोणी हसलं तर आधी आकडा फळ्यावर लिहा. माझ्या वहीत ४४ मायक्रॉन उतरवलेले होते, खाली दोन रेघा ओढून. वही बाकावर उघडीच होती.