सोसत राहू नका, नोंद ठेवा

प्रश्न : माझे वय ४७ आहे. पाळी अनियमित झाली असून रात्री अंगातून वाफा निघतात, घामाने गाऊन भिजतो आणि झोप मोडते. घरी सगळे ‘सोसायचंच असतं’ म्हणतात. काय करावे?
— एक वाचक, कोथरूड, पुणे

उत्तर : सोसत राहण्याची मुळीच गरज नाही. रजोनिवृत्ती, म्हणजे पाळी कायमची थांबण्याची वेळ, जवळ आली आणि इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होऊ लागले की शरीराचे तापमान सांभाळणारे मेंदूतील केंद्र जरा उष्णता वाढली तरी घाम आणते. उशाशी वही ठेवा आणि वाफ किती वाजता आली, त्याआधी चहा, तिखट जेवण की मनस्ताप झाला होता, हे महिनाभर लिहा. त्यातून तुमच्या त्रासाची कारणे तुम्हालाच उमगतील आणि डॉक्टरांनाही ती वही फार उपयोगी पडेल. संध्याकाळचा चहा टाळून पाहा, झोपताना सैल सुती कपडे घाला. हाडांसाठी सकाळी टेकडीवर चालायला जा. रजोनिवृत्तीनंतर रोज १२०० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते, म्हणून नाचणी, तीळ, दूध आहारात हवेच. एवढ्यानेही झोप लागत नसेल, तर हार्मोन उपचार तुम्हाला चालतील का, हे स्त्रीरोगतज्ज्ञांना निःसंकोच विचारा. मात्र सलग १२ महिने पाळी न आल्यानंतर थेंबभरही रक्त दिसले, तर त्यांच्याकडे लगेच जा.